ब्रेक ऑइल : किलोमीटर नव्हे, तारीख पाहा

महाबळेश्वरची चार दिवसांची सुट्टी संपवून कुटुंब परत निघाले आहे. गाडीत पाच माणसे, टपावर सामान. पाचगणी मागे पडते आणि पसरणीचा घाट सुरू होतो. चालवणारे गृहस्थ सावध आहेत; इतके सावध, की पाय ब्रेकवरून उचलतच नाहीत. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागू लागते आणि पुढच्या वळणावर जवळजवळ तळाला टेकते. पेडल भराभर दाबून, गिअर खाली टाकून, हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला थांबते. अर्ध्या तासाने पाहावे तर ब्रेक ठणठणीत! वाईचा मेकॅनिकही गाडी पाहून सांगतो, "काही बिघाड नाही, साहेब."

बिघाड असतो, तो ब्रेक ऑइलमध्ये. पायाचा दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचवण्याचे काम हा द्रव करतो. द्रव दाबून आकसत नाही, वाफ मात्र आकसते. सतत ब्रेक लावल्याने चाकांजवळ प्रचंड उष्णता निर्माण होते. तिथल्या ऑइलमध्ये पाण्याचा अंश असेल तर ते लवकर उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा सारा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो. गाडी निवली की वाफही विरते, म्हणून मेकॅनिकला काही सापडत नाही.

हे पाणी कोणी ओतलेले नसते. पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटते, तसे हे ऑइलही हवेतली आर्द्रता ओढून घेते. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून ती हळूहळू आत शिरते. 'डॉट ३' प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४'साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

"आमची गाडी फिरतेच कुठे? रविवारी देवळात आणि महिन्याकाठी बाजारात," असे म्हणणाऱ्यांची गाडीच खरे तर जास्त फसवी. इंजिन ऑइल किलोमीटरवर बदलतात, ब्रेक ऑइल मात्र उभ्या गाडीतही जुने होते. ते साधारणतः दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत बदलून घ्यावे. वरून स्वच्छ दिसते एवढ्यावर विसंबू नये.

कोणते घ्यावे, हे बहुधा टाकीच्या झाकणावरच लिहिलेले असते. 'डॉट ३'च्या जागी सहसा 'डॉट ४' चालते, उलट चालत नाही. 'डॉट ५' हे सिलिकोनचे असते, ते यांच्यात कधीही मिसळू नये. 'डॉट ५.१' नावाने त्याचे भावंड वाटले, तरी ते ३ आणि ४ च्याच जातीचे. आणि 'ऑइल' या नावाला भुलून इंजिन ऑइल तर थेंबभरही घालू नये. त्याने रबरी सील फुगतात आणि खर्च कितीतरी पट वाढतो.

पातळी हळूहळू उतरणे हे बहुधा ब्रेक पॅड झिजल्याचे लक्षण. आधी पॅड तपासावेत. एकाएकी उतरली तर कुठेतरी गळती आहे. अशी गाडी चालवत गॅरेजात नेऊ नये, मेकॅनिकलाच बोलवावे. ऑइल बदलताना चारही चाकांतली हवा काढून घ्यावी लागते, आणि एबीएस असलेल्या गाडीचे काम तर जाणकाराकडेच द्यावे.

बाटली लहान आणि सीलबंद घ्यावी. उरलेले पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो. हे ऑइल विषारी आहे. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवण्याची सवय काही घरांत असते. मुले असलेल्या घरात तर ती आजच मोडावी.