शेपटीची किंमत

जहाजावर घोडा मेला तर त्याची नुसती शेपटी आणून दाखवायची आणि जिवंत घोड्याइतकेच दाम घ्यायचे. विजयनगरच्या साळुव नरसिंहाने होर्मुझच्या घोड्यांसाठी असा सौदा केल्याचे फेर्नाव नुनिश या पोर्तुगीजाने लिहून ठेवले आहे. नुनिश सोळाव्या शतकात विजयनगरात राहिला होता आणि स्वतः घोड्यांचाच व्यापारी होता, तेव्हा गिऱ्हाइकाची घाई त्याने थोडी रंगवून सांगितली असेलही. पण निकड खरी होती. 1510 मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला, तो मसाल्यांइतकाच या घोड्यांच्या जकातीसाठी. गोव्याला उतरलेली जनावरे सह्याद्रीचे घाट चढून पठारावर जात. त्याच रांगेच्या माथ्यावर आज कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातले कॅसलरॉक आहे. 1888 साली मुरगावहून रेल्वे इथवर आली आणि 1961 पर्यंत दोन राजवटींची हद्द इथेच होती.

घोडा मात्र या माथ्यावर थांबला नाही, थांबणारही नव्हता. इथला पाऊस, दमट हवा आणि चिखल त्याच्या खुराला आणि पोटाला मानवत नाही. पूर्वेला उतरून कोरडे रान लागले की त्याचे बरे चालते. भीमेच्या खोऱ्यात भीमथडीची तट्टे निपजली, टिपूच्या लष्करासाठी कुणिगलला घोडे पोसले गेले, आणि आजचे नामांकित स्टड फार्म पुण्याच्या आसपास आहेत, त्यामागे हा हवामानाचा हिशेब आहे. जोयड्याच्या मुलाला या धंद्यात शिरायचे तर गाडी पकडून पुण्याला किंवा बेंगळुरूला जावे लागेल. जाऊन त्याच्या हाती काय लागेल, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे अर्धे उत्तर मार्को पोलोकडे सापडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतल्या राजांचे घोडे वर्षभरात मरतात, कारण त्यांची निगा राखणारे जाणकार तिथे नाहीत, आणि घोडे विकणारे व्यापारी असे जाणकार तिकडे जाऊच देत नाहीत, असे तो सांगतो. जनावर विकायचे, पण ते कसे जगवायचे ही विद्या आपल्याकडेच ठेवायची. धंद्याची ही चाल फार जुनी आहे आणि ती पुरती गेलेली नाही.

मराठ्यांनी ती विद्या घरात आणली. स्वतःच्या घोड्यावर येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. पण पागेत निगा राखणारे मोतद्दार, घोडे शिकवणारे चाबूकस्वार, नालबंद, घोडवैद्य होते, खोगीर शिवणारे जीनगर होते. त्यांच्याविना स्वारी दौंडापुढे गेली नसती. 1818 ला पेशवाई बुडाली आणि हा सगळा वर्ग रिकामा झाला. काहींना इंग्रजांच्या रिसाल्यात जागा मिळाली. 1830 मध्ये पुण्याच्या लष्करी जमिनीवर शर्यतींचे मैदान झाले, 1883 मध्ये मुंबईत महालक्ष्मीचे. मालक, पंच आणि टोप्या बदलल्या. तबेल्यातली पहाटेची कामे तीच राहिली.

शर्यतीचा थरोब्रेड तरी कुठला? अठराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडात नेलेल्या अरबी-तुर्की नरांची ती औलाद. आपले घाट जे रक्त चढून गेले, त्याचेच भाऊबंद समुद्रापलीकडे जाऊन वंशावळीचे दप्तर घेऊन परतले. पुढे मराठी संस्थानिकही त्या बाजारात उतरले. बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या ‘सयाजीराव’ने 1947 मध्ये इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकली, ‘माय बाबू’ने 1948 मध्ये टू थाउजंड गिनीज. पहिल्या इंडियन डर्बीचा, म्हणजे 1943 चा, मानही बडोद्याच्याच ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ला मिळाला. तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. पैसा आणि रंग आपले, बैठक परक्याची. पांडू खाडे, वसंत शिंदे यांच्यासारखी मराठी नावे पुढे मैदानावर गाजली तेव्हा हे चित्र पालटले. पण खोगिरावर बसणारा एकटा गाजतो. घोड्याला पाणी दाखवणारा सईस गाजत नाही.

या धंद्यातून निघालेला एक मोठा रोजगार तर शर्यतीच्या मैदानावर नाहीच. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्ममधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात, तिथे त्यांच्या रक्तापासून सिरम बनत. हे आपणच का करू नये, असे सायरस पूनावालांना वाटले आणि 1966 मध्ये पुण्यात सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. शर्यतींच्या विरोधकांनी आणि कैवाऱ्यांनी, दोघांनीही, ही गोष्ट विसरू नये.

आज दारे कोणती आहेत? परवान्याचा जॉकी व्हायचे तर अंगाने हलके, जवळपास पन्नास किलोचे, आणि पोरवयातच घोड्यावर बसलेले असावे लागते. बहुतेकांचा प्रवास पहाटे घोडे फिरवणाऱ्या रायडिंग बॉयपाशीच संपतो. ट्रेनरलाही शर्यती भरवणाऱ्या क्लबचा परवाना लागतो. सईस ट्रेनरच्या पगारावर असतो, आणि ट्रेनरचे घोडे घटले की आधी त्याचीच गच्छंती होते. पशुवैद्याला पदवी आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. नालबंदाची विद्या मात्र आजही बहुधा बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून चेल्याकडे जाते. या कामाचा कागद सहसा मिळत नाही. दहा वर्षे खूर हाताळलेला माणूस दुसऱ्या शहरात गेला की पुन्हा नवशिका ठरतो.

त्यात धंद्याचा पायाच डळमळतो आहे. बक्षिसांची रक्कम मुख्यतः बेटिंगच्या उलाढालीतून येते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला खरा, पण पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. असा कर लागला की पैज बंद होत नाही, ती फोनवरच्या बेकायदा बुकीकडे जाते. आणि मैदानाचे उत्पन्न आटले की सर्वांत आधी तबेल्यातला हात कमी होतो. सट्ट्याबद्दल कोणाला प्रेम असण्याचे कारण नाही, पण या कराने सट्टा संपेल असे मानणाऱ्यांनी हिशेब नीट पाहिलेला नाही. तरीही रोजगाराच्या नावाखाली आणखी शर्यती भरवा, ही मागणीही आम्हाला पटत नाही.

पटते ती दुसरी गोष्ट. महालक्ष्मीची सुमारे 120 एकर जमीन उद्यानासाठी पालिकेकडे आणि 91 एकर क्लबकडे 2053 पर्यंतच्या भाडेपट्ट्याने, असे महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये ठरवले. सार्वजनिक जमीन इतक्या मुदतीने देताना भाड्याबरोबर आणखी एक अट घालता आली असती: सईस, नालबंद आणि घोडेस्वार यांना शिकवणारी आणि दाखला देणारी शाळा. तो दाखला पोलिसांच्या अश्वपथकात, लष्कराच्या रिमाउंट विभागात, रायडिंग स्कूलमध्ये, पशुवैद्यकीय दवाखान्यात, कुठेही चालला असता. जोयडा-हल्याळच्या धनगर गवळ्यांच्या पोरांना जनावराची नजर कळते, ती शिकवावी लागत नाही. त्यांना हवा आहे तो कागद. अट अजूनही घालता येते. कर्नाटकातही मैदानांच्या जागेवरून सरकार आणि क्लब यांच्यात वाटाघाटी सुरू असतात, तिथेही ती मांडता येईल.