मांडूची श्री

पावसाळा लागला की इंदूरची मराठी कुटुंबे मांडूला निघतात, रूपमतीच्या मंडपातून धुक्यात नर्मदा शोधतात आणि जहाजमहालाच्या सावलीत डबे उघडतात. याच दुर्गावर १४३९ साली लिहून रंगविलेली एक पोथी आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, याची वार्ता मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच असते.

पोथी जैनांच्या कल्पसूत्राची. गादीवर तेव्हा सुलतान महमूद खिलजी. महावीरांच्या जन्मापूर्वी त्रिशलामातेस चौदा स्वप्ने पडली. हत्ती, वृषभ, सिंह यांच्यामागून चौथ्या स्वप्नात येते ती श्री, म्हणजे आपली लक्ष्मीच. कल्पसूत्रकार तिच्यापाशी चांगलाच रेंगाळतो. हिमवंताच्या शिखरावरील सरोवरात ती कमळावर बसली आहे, दिग्गज सोंडांनी तिला अभिषेक करीत आहेत. वर्णनाचा आरंभ चरणांपासून होतो: सोन्याच्या कासवांसारखी पावले, मग नखे, मग पोटऱ्या, अशी दृष्टी पायरीपायरीने वर चढते. मुखापर्यंत पोहोचण्याची घाई नाही.

एवढे ऐश्वर्य चित्रकाराने मांडावे कोठे? कागद आला तरी ताडपत्राची घडण सुटली नव्हती; पान आडवे आणि अरुंदच राहिले. दोरा ओवण्याच्या छिद्राचे प्रयोजन संपले, तरी त्या जागी शोभेचा ठिपका काढीत असत. अशा पोथ्यांत पुष्कळदा चौदाही स्वप्ने एकाच चौकटीत ओळीने बसविलेली आढळतात. लक्ष्मीच्या वाट्याला जेमतेम एखादा इंच येतो, आणि तेवढ्यात तिचे हात, कमळे आणि हत्ती मावतात.

पण पाहणारा थबकतो तो डोळ्यापाशी. चेहरा बाजूला वळलेला, नाक टोकदार, आणि पलीकडचा डोळा गालाची रेषा ओलांडून अधांतरी! आपल्या घरांतील लक्ष्मी रविवर्म्यांच्या छापचित्रांतून आलेली, भरल्या अंगाची. त्या सवयीने ही लक्ष्मी पाहून कोणी नाक मुरडले तर नवल नाही. तथापि तो डोळा अडाण्याची चूक नव्हे. वेरूळच्या कैलास लेण्यातील छतावरच्या चित्रांत त्याची सुरुवात दिसते. तेथून तो गुजरात-माळव्याच्या पोथ्यांत स्थिरावला, आणि मांडूच्या चित्रकाराच्या हाती त्या कोनदार रेषेला तांबड्या भूमीवर एक विलक्षण नाजुकपणा आला. देवतेचा एक डोळा झाकला जावा हे या चित्रकारांना रुचत नसावे, असे आम्हांस आपले वाटते.

भाद्रपदात तर या श्रीची आणि आपली भेट दाराशीच होते. श्वेतांबर जैनांच्या पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन चालते. गणपतीच्या आधी, बहुधा दोन-चार दिवस, महावीरजन्माचा भाग येतो. चांदीची चौदा स्वप्ने वाजतगाजत आणतात, त्यांच्यासाठी बोल्या लागतात, आणि लक्ष्मीची बोली चढीच असते. पुढे काही दिवसांतच आपल्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या मुखवट्यांनी उभ्या राहतात. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन घरांत एकाच महिन्यात तीच देवता येते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारानंतरही आम्ही एकमेकांना ते विचारलेले नसते.

मांडूची पोथी संग्रहालयात सुखरूप आहे. तिच्या कित्येक बहिणींचे मात्र पानपान सुटे करून विकले गेले, कारण पोथीपेक्षा चित्राचे एकेक पान विकणाऱ्याला अधिक लाभ देते. चौकटीत टांगलेल्या अशा पानावर चौथे स्वप्न उरते, आधीचा सिंह आणि नंतरची पुष्पमाला दुसऱ्याच कोणाच्या भिंतीवर असतात. आपल्याकडेही देवघरात तांबड्या फडक्यात बांधलेल्या सप्तशतीच्या पोथ्या आहेत, काहींत चित्रेही असतील. शंभर वर्षांहून जुन्या सचित्र पोथीची नोंद पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी, असे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा सांगतो. खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही. यंदा नवरात्रात फडके सोडाल तेव्हा आधी पाने मोजून घ्यावीत.