प्रश्न विचारणे म्हणजे द्रोह नव्हे

देशाच्या संरक्षणसिद्धतेविषयी संसदेत कोणी प्रश्न उपस्थित केला, की ‘जवानांचे मनोधैर्य खच्ची करू नका’ असा दम भरण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. ही रीत देशहिताची नाही. जवानाचे मनोधैर्य प्रश्नांनी खचत नाही. हातातील शस्त्र जुनाट निघाले, दारूगोळा अपुरा पडला, म्हणजे ते खचते.

१९६२ साल आठवावे. चिनी आक्रमण चालू असतानाच, ८ नोव्हेंबर रोजी, संसदेचे अधिवेशन नियोजित वेळेआधी भरले. तरुण वाजपेयींसह विरोधकांनी ते मागितले होते. गुप्त बैठकीची सूचना पंडित नेहरूंनी नाकारली आणि स्वतःच्या सरकारवरील टीका उघड सभागृहात ऐकून घेतली. त्या टीकेने देश दुर्बळ झाला, असे कोणी म्हणू शकेल काय?

दुर्दैवाने, पराभवाच्या चौकशीच्या वेळी हे धैर्य टिकले नाही. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या सेनाधिकाऱ्यांच्या अहवालाविषयी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत निवेदन केले; मूळ अहवाल मात्र सभागृहापुढे आलाच नाही. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग उघड केला. जगाने जे वाचले, ते आपल्या संसदेलाच अधिकृतपणे मिळाले नाही. मग ही गुप्तता कोणापासून?

आता मार्च २०१८ पाहा. लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला सांगितले, की ६८ टक्के युद्धसाहित्य जुनाट वर्गात मोडते. अत्याधुनिक केवळ ८ टक्के. आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये पूर्वीच्या करारांची २९,०३३ कोटींची देणी भागवण्यासही अपुरे होते. समितीचे अध्यक्ष निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी हे सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. १३ मार्चला अहवाल संसदेत आला आणि १४ मार्चला लोकसभेने संरक्षणासह सर्व खात्यांच्या मागण्या गोंधळात, चर्चेविना संमत केल्या. सप्टेंबरमध्ये समितीची पुनर्रचना झाली, तेव्हा अध्यक्षपदी खंडुरी नव्हते.

गुप्ततेची गरज कोणीही नाकारत नाही. तुकड्या कोठे हलल्या, तोफा कोठे लावल्या, हे सभागृहात सांगू नये. परंतु स्थायी समितीच्या बैठका बंद दाराआडच होतात. गुपित राखूनही जाब विचारता येतो. तो न विचारण्याने लाभ होतो तो केवळ निष्काळजी कारभाऱ्यांचा.

दोष एकट्या सरकारचाही नाही. घोषणा देत सभागृह बंद पाडणारा विरोधकही सरकारची उत्तरातून सुटकाच करतो. म्हणून सुजाण वाचकहो, मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण एवढेच विचारावे : संरक्षण खर्चावर मतदान होण्यापूर्वी चर्चेचा आग्रह तुम्ही धराल काय? सीमेवर मुलगा पाठवणाऱ्या आईला देशाकडून सलामीआधी या उत्तराचे देणे आहे.