केळनाकाठचे भोगवर्धन

जालना जिल्ह्यातील भोकरदन केळना नदीच्या काठी वसले आहे. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सातवाहन काळात प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, आणि उज्जैन यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावर ही गजबजलेली पेठ होती.

या गावाची बौद्ध परंपरा गावापासून दूरच्या दगडांवर लिहिलेली आहे. मध्य प्रदेशातील सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. कठडे आणि फरसबंदीसाठी अनेक गावांतील लोकांनी एकेक शिळा दान केली. त्या दात्यांत केळनाकाठची माणसेही होती.

1973च्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी जवळचे साम्य आहे. पाँपेईची मूर्ती दागिन्यांनी मढलेली असून तिच्या दोन्ही बाजूंना छोट्या सेविका आहेत आणि तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे. पाँपेई इसवी सन 79मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे भारतीय हस्तिदंती कला त्याआधीच इटलीपर्यंत पोहोचली होती.

भोकरदनला नदीकाठच्या खडकात कोरलेले नंतरच्या काळातील वैष्णव लेणेही आहे. उत्तरेला वाघूर नदीच्या वळणावर अजिंठा आहे. अजिंठ्याला जाणाऱ्या प्रवाशाने वाटेत केळनाकाठी थांबायला हवे. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीत दडलेला हा वारसा जपणे ही जिल्ह्याची जबाबदारी आहे.