झेंडीवाल्याचं ऐका

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चांगलंच ठाऊक आहे. अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यातून आळीपाळीने गाड्या सोडायच्या आणि दोन टोकांना दोन झेंडीवाले. हा माणूस पोलीस नाही, म्हणून बरेच जण त्याला जुमानत नाहीत. माझी कळकळीची विनंती आहे, त्याला जुमाना. वळणापलीकडून गाडी सुटली आहे की नाही हे त्याला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं.

त्याचे मुख्य इशारे तीनच. झेंडीची काठी आडवी धरलेली, कापड पूर्ण उघडं आणि दुसऱ्या हाताचा तळवा तुमच्याकडे उंचावलेला, म्हणजे थांबा. हात ताठ ठेवून झेंडी खांद्याच्या उंचीपासून सावकाश खाली-वर हलवली, म्हणजे वेग कमी करा. लाल झेंडी खाली घेऊन मोकळ्या हाताने किंवा हिरव्या झेंडीने पुढे बोलावलं, म्हणजे निघा, पण बेताने. इशारा कळला नाही तर थांबा, काच खाली करा आणि विचारा.

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. तेव्हा पुढे काम चालू असल्याची पाटी दिसली की तिथेच वेग उतरवा. झेंडी दिसल्यावर ब्रेक मारू म्हणाल, तर उशीर झालेला असेल.

थांबल्यावर रांगेतच थांबा. एखादी गाडी उजवीकडून पुढे घुसते, तिच्यामागे आणखी चार लागतात आणि समोरून येणाऱ्यांची वाटच बंद होते. मग कोणालाच मागे सरता येत नाही. पाच मिनिटं वाचवायला गेलेल्यांमुळे तासभर घाट तुंबतो आणि त्यात रुग्णवाहिकाही अडकते.

काही ठिकाणी दोन झेंडीवाले एकमेकांना दिसत नाहीत. तेव्हा शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे झेंडी किंवा काठी देतात. ती पलीकडे पोचली की तिकडचा माणूस त्याच्या बाजूच्या गाड्या सोडतो. ती तुमच्या हाती आली तर मध्ये कुठेही थांबू नका. पलीकडच्या झेंडीवाल्याच्याच हातात द्या. तेवढा वेळ समोरच्या सगळ्यांची सुरक्षितता तुमच्याकडे असते.

रात्री रांगेत उभे असाल तर अपर लाइट बंद करा. डोळे दिपले की झेंडीवाल्याला काहीच दिसत नाही, आणि तो तर रस्त्याच्या कडेलाच उभा असतो.

मुकादम आणि कंत्राटदारांनाही सांगणं आहे. काल कामावर आलेल्या पोराच्या हाती कळकट फडकं देऊन त्याला वळणावर उभं करू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान 60 सेंटिमीटर चौरस लाल कापड आणि साधारण मीटरभर काठी लागते. चमकणारं जॅकेट द्या, रात्री उजेडाची काठी द्या. इशारे आधी शिकवा. गाड्यांकडे पाठ करायची नाही आणि चालत्या गाड्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, हे त्याच्याकडून घोटून घ्या. उन्हात त्याला पाणी मिळू दे आणि वेळेवर बदली माणूस येऊ दे.

राष्ट्रीय महामार्गावर काम चालू आहे आणि पाटी, उजेड, झेंडीवाला यांपैकी काहीच नाही असं दिसलं, तर 1033 वर कळवा. तुमच्या एका फोनमुळे मागून येणारा खड्ड्यात जायचा वाचेल.