जवळचे शब्द, दूरचे अर्थ

लालबागकरांना शब्दांच्या घोटाळ्याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, येथे जमिनीखालून पाणी खेळविण्याची योजना उभी राहिली. भुयारांनी जोडलेल्या कुंड्यांमुळे तिला ‘कुंडी भंडारा’ म्हणतात; परंतु पुष्कळांच्या तोंडी ‘खूनी भंडारा’ हेच नाव आहे. बाहेरगावचा पाहुणा ते ऐकून दचकतो आणि ‘इथे कोणाचा खून झाला?’ असे विचारतो. आपण हसतो. तेथे हसून भागते. दवाखान्यात मात्र भागत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पायांवर सूज आणि धाप घेऊन आलेल्या एका वृद्ध रुग्णाच्या मुलाला मी सहज सांगितले, “हार्ट फेल्युअर आहे.” थोड्या वेळाने बाहेर पाहतो तो मुलगा नातेवाइकांना फोन करून बोलावून घेत होता, आणि आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. रुग्ण स्वतः आत उशीला टेकून चहा पीत होता! आपल्या बोलीत ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला. मला म्हणावयाचे होते ते एवढेच, की हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती कमी पडते आहे आणि औषधांनी ती सावरता येईल. चूक मुलाची नव्हती, माझी होती.

हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर आणि कार्डियाक अरेस्ट हे तीन शब्द समाजात सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो; फेल्युअरमध्ये हृदय दुबळे पडते; अरेस्टमध्ये ते थांबते आणि तेथे मिनिटांचा हिशेब असतो. तीच गत ‘पॉझिटिव्ह’ची. रोजच्या व्यवहारात हा चांगला शब्द. म्हणून क्षयाच्या तपासणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला की एखादा भाबडा रुग्ण हात जोडून आभार मानतो. ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चालणारा आजार. पुष्कळांना तो ‘भयंकर’ वाटतो. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेला, हेही त्यांना ठाऊक नसते.

परंतु घोटाळा केवळ रुग्णांचाच होतो असे मानणे हा आपला अहंकार ठरेल. हायपो आणि हायपर यांत कानाला जेमतेम एका अक्षराचा फरक. रक्तातील साखरेच्या बाबतीत मात्र एकीकडे ग्लुकोज द्यावयाचे, तर दुसरीकडे इन्शुलिन. ‘इलियम’ हा शब्द आतड्याचा भाग सांगतो आणि कमरेचे हाडही. इंग्रजीत एका अक्षराचा भेद आहे, उच्चारात तोही उरत नाही. ‘ओ.डी.’ म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा, तर नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर उजवा डोळा. अमेरिकेत आम्लपित्तावरील ‘लोसेक’ आणि लघवी वाढविणारे ‘लॅसिक्स’ या नावांत गोंधळ होऊ लागल्याने १९९० साली लोसेकचे नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावे लागले. आपल्याकडेही भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम केला. यामागील कारण निराळे सांगावयास नको.

काही व्यवसायबंधू म्हणतात, “बाहेर रांग लागलेली असते, भाषेचा कीस पाडायला वेळ कोठून आणायचा?” ही अडचण खरी आहे. परंतु गैरसमजातून पुन्हा आलेला रुग्ण त्याहून अधिक वेळ घेतो. इंग्रजी शब्द टाकून क्लिष्ट संस्कृत शब्द वापरावेत, असेही माझे म्हणणे नाही. ‘हृद्‌रोध’ म्हटल्याने कोणाला अधिक कळणार आहे?

आपण बऱ्हाणपूरकर मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवर वाढलेली माणसे. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे नवा शोध, हिंदीत दुरुस्ती. हिंदीतला ‘कल’ तर कालचा दिवसही असतो आणि उद्याचाही; म्हणून ताप केव्हा आला आणि औषध केव्हा घ्यावयाचे, हे आपण दोनदा विचारतो. शब्द ओळखीचा दिसला तरी अर्थ तपासून घ्यावा, हे शहाणपण या मातीने आपल्याला लहानपणीच दिले. तेच इंग्रजीच्या बाबतीत का विसरावे?

म्हणून माझी तीन नम्र सूचना आहेत. आजाराचे इंग्रजी नाव सांगितले की लगेच त्याचा अर्थ रुग्णाच्या बोलीत एका वाक्यात सांगावा. चिठ्ठीवर संक्षेपाऐवजी ‘दिवसातून एकदा, जेवणानंतर’ असे पूर्ण लिहावे आणि औषध कशासाठी आहे तेही नोंदवावे. शेवटी रुग्णालाच विचारावे, “घरी जाऊन काय सांगाल?” आणि वाचक बंधुभगिनींना विनंती, की शब्द कळला नाही तर संकोच न करता विचारा. डॉक्टर रागावणार नाहीत. आणि रागावलेच, तर ही स्मरणिका त्यांच्यापुढे ठेवा.