पायांतल्या विद्येला पदवी हवी

आपल्या राज्यात दहावीच्या विद्यार्थ्याने शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा दिलेल्या असतील तर त्याला वाढीव गुण मिळतात. त्या वर्षी गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र शाळेत वेळेवर पोहोचावं म्हणून घरोघरी धावपळ चालते. निकाल लागतो, ते गुण टक्केवारीत मिसळून जातात आणि अकरावीच्या जून महिन्यात घुंगरू माळ्यावर जातात. दोन वर्षांनी तीच मुलगी म्हणते, ‘मला कथकमध्येच पदवी घ्यायची आहे.’ मग घर गप्प होतं. काका-आत्यांना फोन जातात. ‘आवड म्हणून कर की, पण पदवी कशाला?’ हे वाक्य मी माझ्या वर्गाच्या दारात इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता त्याला सविस्तर उत्तर देणं मी माझं कर्तव्य समजते.

नृत्याच्या पदवीला विरोध करणारे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष पालकांचा आणि विद्यापीठातल्या इतर विषयांच्या काही प्राध्यापकांचा. ते म्हणतात, नृत्य हा छंद आहे, त्यात अभ्यासण्यासारखं ज्ञान नाही आणि त्याने पोटही भरत नाही. दुसरा पक्ष खुद्द नृत्यातल्या जाणत्यांचा. ते म्हणतात, नृत्य ही गुरूपुढे बसून, वर्षानुवर्षं सेवा करून मिळवायची विद्या आहे. ती तासांच्या वेळापत्रकात आणि सत्रांच्या चौकटीत मावत नाही. एकाला नृत्य विद्यापीठापेक्षा लहान वाटतं, दुसऱ्याला मोठं. पण दोघांच्या म्हणण्याचा परिणाम एकच होतो. मुलीसमोरचं दार बंद होतं.

आधी पहिल्या पक्षाकडे वळू. नृत्यात ज्ञान नाही असं म्हणणाऱ्याने एक तिहाई बांधून पाहावी. त्रितालाच्या 16 मात्रा आहेत. समेपासून सुरुवात करायची आणि समेवरच उतरायचं. 5 मात्रांचा एक बोल घ्या, तो तीनदा म्हणा, मधल्या दोन जागी एकेका मात्रेचा दम ठेवा. 5, 1, 5, 1, 5 मिळून 17 मात्रा झाल्या आणि 17वी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. आता हीच तिहाई 10 मात्रांच्या झपतालात बसवा. तिथे 11 मात्रांचा हिशेब लागेल, म्हणजे बोल 3 मात्रांचा करावा लागेल. ही तर विशीच्या आतल्या मुलीने सहज करायची आकडेमोड. पुढे दीडपट, पावणेदोनपट लयी येतात, चक्रदार येतात, आणि हा सगळा हिशेब चालू असताना पायाने नाद स्वच्छ काढायचा, हाताची रेषा सांभाळायची आणि चेहऱ्यावर श्रमाचा मागमूस दिसू द्यायचा नाही. हा हिशेब कागदावर केला तर त्याला गणित म्हणायचं आणि पायाने केला तर छंद, हा भेद मला मान्य नाही.

आणि हे झालं फक्त लयीचं. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक अशा चार अंगांनी अभिनयाचा विचार करणारं नाट्यशास्त्र आपल्याकडे आहे. त्यातल्या 108 करणांचं वर्णन वाचून प्रत्यक्ष हालचाल कशी असेल हे ठरवायचं, तर संस्कृत यावं लागतं, मंदिरांवरची शिल्पं वाचता यावी लागतात आणि माणसाचा खुबा किती वळतो हेही माहीत असावं लागतं. भाषा, इतिहास आणि शरीरशास्त्र यांची अशी गाठ विद्यापीठात पडायची नाही तर कुठे?

या संदर्भात मराठी माणसाच्या घरातलंच उदाहरण देते. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. ‘कोर्वेयांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्या ओळखल्या जातात. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमाची मांडणी ज्यांनी घडवली, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ याच दरबाराच्या आश्रयाला होते. म्हणजे भरतनाट्यमच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण मराठीत लिहिलेलं आहे. ते पुन्हा रंगमंचावर आणण्यासाठी आचार्य पार्वतीकुमार यांनी आयुष्याची वर्षं दिली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी राजांच्या रचनांवर संशोधन केलं. ही कामं त्यांनी स्वतःच्या जिद्दीवर केली, हे खरं. पण एवढा मोठा ठेवा दरवेळी कुणा एकाच्या जिद्दीवर सोपवायचा का? जुन्या पोथ्या वाचता येणारी आणि भरतनाट्यमचे अडवूही जाणणारी मुलं पिढीमागून पिढी तयार व्हायची असतील, तर त्यासाठी एखादी संस्था, ग्रंथालय आणि अभ्यासक्रमच लागतो.

आता पोटाचा प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण तो विचारणाऱ्या आईवडिलांची काळजी खरी असते. केवळ कार्यक्रमांच्या मानधनावर घर चालवणारे नर्तक थोडे आहेत. पण महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीसुद्धा आज नृत्याचा एक तरी वर्ग असतो आणि त्यात सहा-सात वर्षांची मुलं नाचत असतात. त्यांना शिकवणारी व्यक्ती स्वतः काय शिकली आहे, हे कोण विचारतं? भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, बसताना पाय बाजूला वळवायचा तो खुब्यापासून. खुबा वळत नसताना पाऊल जबरदस्तीने वळवलं, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. सिमेंटवर घातलेल्या फरशीवर रोज तासभर कथकचा तत्कार केला, तर टाच, नडगी आणि कंबर पुढे आयुष्यभर त्याची किंमत मोजतात. वाढत्या हाडांच्या मुलांना शिकवणाऱ्याला एवढं शरीरशास्त्र यायलाच हवं. म्हणजे काम आहे आणि शिकणारी मुलंही आहेत. कमतरता आहे ती रीतसर शिकलेल्या शिक्षकांची. पदवी ही कमतरता भरून काढू शकते. त्याशिवाय नृत्यरचना, समीक्षण, दस्तऐवजीकरण, शाळांमधलं कलाशिक्षण ही कामं आहेतच. श्रीमंतीची हमी नृत्याची पदवी देत नाही, पण तशी हमी इतिहासाची किंवा रसायनशास्त्राची पदवी तरी कुठे देते?

दुसऱ्या पक्षाशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो, कारण माझे गुरू त्या पक्षात होते. ते म्हणतात, तीन-चार वर्षांत नर्तक घडत नाही. शंभर टक्के मान्य. एक थाट शरीरात मुरायला जी वर्षं लागतात ती कुठल्याही सत्रपद्धतीत बसत नाहीत. पण पदवीचा तसा दावाच नाही. कायद्याची पदवी घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मोठा वकील झालेला नसतो. पदवी पाया घालते, पुढची बांधणी ज्याची त्याने करायची असते.

‘विद्यापीठातून कलावंत निघत नाहीत’ हे विधान मात्र इतिहासाला धरून नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी बंदिशी कागदावर उतरवल्या तेव्हा त्यांच्यावरही असेच आक्षेप घेतले गेले. त्यांच्याच प्रयत्नांतून 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं, तेच पुढे भातखंडे यांच्या नावाने ओळखलं गेलं. त्याच 1926 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट डबलर यांच्या प्रयत्नांनी नृत्यातली पदवी सुरू झाली. पुढे लखनौच्या त्या महाविद्यालयात पंडित मोहनराव कल्याणपूरकर यांनी कथक शिकवलं. त्यांच्याकडे आणि लच्छू महाराजांकडे शिकलेल्या रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली आणि पुढे तिथल्याच विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासाठी कथकचा अभ्यासक्रम आखून तिथे शिकवलंही. महाराष्ट्राला कथक ज्यांनी दिलं त्यांच्या शिक्षणाच्या धाग्यात एक महाविद्यालय आधीपासूनच होतं. ललित कला केंद्राने 1987 पासून गुरूकडची तालीम आणि विद्यापीठातला सैद्धांतिक अभ्यास यांची सांगड घातली. मुंबईत कायद्याचं शिक्षण घेतलेल्या कनक रेळे यांनी 1966 मध्ये नालंदा नृत्य संशोधन केंद्र काढलं आणि पुढे त्यांच्या महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची नृत्यातली पदवी मिळू लागली. मोहिनीअट्टमच्या हालचालींचं त्यांनी केलेलं विश्लेषण आजही अभ्यासलं जातं. यांपैकी कुणीही गुरूला बाजूला सारलं नाही. त्यांनी गुरूला विद्यापीठात आसन दिलं.

आता माझं मुख्य म्हणणं सांगते. गुरूच्या घरी मला अपार मिळालं, पण एक गोष्ट मिळाली नाही. ‘का?’ असं विचारण्याची मोकळीक. चौदा-पंधरा वर्षांची असताना मी विचारलं होतं की हा तोडा तालाच्या खालीपासूनच का उचलायचा. ‘आधी करून दाखव, मग बोल,’ एवढंच उत्तर मिळालं. त्यात राग नव्हता, तशी रीतच होती. मी तो तोडा शेकडो वेळा केला आणि त्याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी, एका ग्रंथालयात, स्वतः हिशेब मांडताना कळलं. गुरू उदार असेल तर शिष्याला सगळं मिळतं. तो उदार नसेल, लहरी असेल किंवा त्याहून वाईट काही असेल, तर शिष्याला दाद मागायला जागा नसते. विद्यापीठात ही जागा असते. तिथे शिक्षकाने वर्गासमोर कारण द्यायचं असतं, अभ्यासक्रम लिहून ठेवलेला असतो, परीक्षक बाहेरचा असतो आणि तक्रार ऐकणारी समिती कायद्याने असावी लागते. प्रश्न विचारण्याचा हक्क हीच माझ्या लेखी पदवीची सर्वांत मोठी देणगी आहे. शिवाय ज्या मुलीच्या घरात कलेची परंपरा नाही आणि मोठ्या गुरूच्या शिकवणीचे पैसेही नाहीत, तिला अर्ज भरून, प्रवेशपरीक्षा देऊन आत येता येतं. ओळखपाळख नसताना उघडणारं दार तिच्यासाठी बहुधा हेच असतं.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. पदवी आली की पदवीचं कुंपण येतं. यमुनाबाई वाईकर बसल्या जागी नुसत्या नजरेने आणि हातांनी लावणीची एक ओळ अनेक अर्थांनी उलगडून दाखवत. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. पण विद्यापीठाच्या नेहमीच्या नियमांनी त्या साध्या अधिव्याख्याताही होऊ शकल्या नसत्या. ज्यांच्या घरांनी ही विद्या समाजाची हेटाळणी सोसून जपली, त्यांनाच पदवी नाही म्हणून दाराबाहेर उभं करायचं आणि त्यांच्या कलेवर इतरांनी प्रबंध लिहायचे, हा अन्याय आहे. हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारते.

मात्र यावर उपाय म्हणून पदवी बंद करू नये, कुंपणाला दार ठेवावं. त्याचा दाखला आपल्याजवळ आहे. सयाजीराव गायकवाडांच्या राणीबरोबर तंजावरहून बडोद्याला नर्तकी आणि त्यांचे साथीदार आले. त्या घराण्यातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्य शिकवू लागले. परंपरेच्या घरातला माणूस विद्यापीठात गुरू म्हणून बसला आणि त्याने विद्यापीठाचंच वजन वाढलं. आज विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली आहे. औपचारिक पदवी नसलेल्या पण आपल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या व्यक्तीला त्यातून नेमता येतं. लावणीच्या संगीतबारीतल्या एखाद्या ज्येष्ठ कलावतीला या पदावर सन्मानाने, पूर्ण मानधनासह आणणारं विद्यापीठ मला पाहायचं आहे. बैठकीच्या लावणीची अदा आणि कथकचा गतभाव एकाच वर्गात शेजारी शेजारी शिकवले गेले, तर दोन्हींतलं नातं मुलांना कुठल्याही ग्रंथापेक्षा आधी कळेल.

म्हणून पदवी हवी, पण नावापुरती नको. तिच्यासाठी लाकडी जमीन हवी, ध्वनिमुद्रणावर भागवण्याऐवजी तबल्याची आणि लहेऱ्याची जिवंत साथ हवी, रोजचा घाम गाळायला पुरेसे तास हवेत. विद्यार्थ्याला रंगमंचावर अर्धा तास नाचता यावं आणि आपण काय नाचलो हे मराठीत चार पानं लिहूनही सांगता यावं. जिथे हे नाही तिथे टीका जरूर करा, मीही तुमच्याबरोबर करीन.

आणि ज्या पालकांनी दहावीला नृत्याचं प्रमाणपत्र शाळेत जमा केलं, त्यांना माझं इतकंच सांगणं आहे. त्या दिवशी तुम्ही स्वतःच मान्य केलं होतं की तुमच्या मुलीच्या पायांत गुण देण्याजोगी विद्या आहे. ती दोन वर्षांत कमी झालेली नाही. माळ्यावरचे घुंगरू खाली काढा आणि तिला प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरू द्या.